‘अवर्णनीय’ कुठे लिहावं, कुठे खोडावं: कोकणाबद्दल लिहिणाऱ्यांसाठी

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कुठल्याही होमस्टेची जाहिरात उघडा, सहलीहून परतलेल्या कुणाचीही पोस्ट वाचा, नाहीतर ‘मी पाहिलेला सूर्यास्त’ या विषयावरच्या निबंधांचा गठ्ठा चाळा. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात ‘अवर्णनीय’ भेटतोच. शब्द वाईट नाही, चांगला देखणा आहे. अडचण एवढीच, की वर्णन करून थकल्यावर तो यायला हवा आणि बहुतेक वेळा येतो तो वर्णन टाळण्यासाठी. वाचणाऱ्याला हे लगेच कळतं. तो मनात म्हणतो, बरं, म्हणजे यांना काही सांगायचं नाही.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांना कोकणाबद्दल चार ओळी लिहाव्या लागतात: खानावळीचा फलक, गावच्या देवळाची स्मरणिका, प्रवासाची पोस्ट, मुलांचा निबंध. शब्द सोडून द्यायचा नाही. तो नेमका कधी हाती घ्यायचा, ते पाहायचं.

आधी शब्द सुटा करून पाहा

संस्कृतात ‘वर्ण्’ या धातूचा अर्थ रंगवणं, चितारणं आणि त्यावरून वर्णन करणं. त्याला ‘अनीय’ हा प्रत्यय लागून झालं वर्णनीय. पुढे नकाराचा ‘अ’ जोडला, की अवर्णनीय. म्हणजे शब्दांचा रंग ज्यावर चढत नाही असं काही.

या ‘अनीय’मध्ये दोन छटा असतात. एक ‘करता येण्याजोगं’, दुसरी ‘करावं असं’. पूजनीय माणूस म्हणजे ज्याची पूजा करता येते असा नव्हे, करावी असा. त्या हिशेबाने अवर्णनीयचेही दोन अर्थ निघतात: ज्याचं वर्णन करता येत नाही ते आणि ज्याचं वर्णन करू नये ते. आजच्या मराठीत पहिलाच अर्थ चालतो. दुसरा ‘अकथनीय’ आणि ‘अवाच्य’ यांनी वाटून घेतला. अकथनीय यातना असतात, अवाच्य शिव्या असतात. म्हणून ‘गुहागरच्या किनाऱ्याचं अकथनीय सौंदर्य’ असं कुणी लिहिलं, की दाताखाली खडा येतो. गुहागरने असं काय केलं, की बोलायचीही चोरी?

अवर्णनीय मात्र सुखालाही चालतो आणि दुःखालाही. अवर्णनीय आनंद जितका बरोबर, तितकेच अवर्णनीय हाल. पण नुसतं ‘तो अनुभव अवर्णनीय होता’ म्हटलं, की मराठी वाचक तो चांगलाच होता असं धरून चालतो. तुम्हाला उलटं म्हणायचं असेल, तर पुढे हाल, यातना, दैना असं नाम लगेच ठेवा.

आता शुद्धलेखन. फोनवर लिहिताना अवर्णनिय, अवर्ननीय, अवर्नणीय असे अवतार सर्रास दिसतात. बरोबर रूपात आधी रफाराखालचा ण, मग दीर्घ नी. ‘रमणीय’मध्ये णी आणि ‘अवर्णनीय’मध्ये नी, असं का? र किंवा ष यांच्या मागोमाग येणाऱ्या न चा संस्कृतात ण होतो. मधे स्वर किंवा प-वर्गातलं, क-वर्गातलं अक्षर असलं तरी होतो. म्हणून रमणीय, स्मरणीय, प्रेक्षणीय. पण मधे ट-वर्गातलं अक्षर आलं, की हा बदल अडतो. वर्णनीयमध्ये र आणि न यांच्यामध्ये ण उभा आहे, म्हणून न तसाच राहतो. हे एकदा समजलं, की पाठांतराची गरज उरत नाही.

आणखी एक रूप फिरताना दिसतं: ‘अवर्णनातीत’. वर्णनातीत म्हणजे वर्णनापलीकडे गेलेलं. त्याला पुढून अ लावला, की अर्थ उलटतो. वर्णनातीत लिहा किंवा अवर्णनीय लिहा, दोघांची खिचडी नको.

कशाच्या पलीकडे, ते ठरवा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा. ‘अवर्णनीय’ लिहिणाऱ्याला निम्म्या वेळा दुसरंच काही म्हणायचं असतं आणि त्यासाठी मराठीत वेगळा, जास्त नेमका शब्द तयार असतो. स्वतःला विचारा: ही गोष्ट नक्की कशाच्या पलीकडची आहे? शब्दांच्या, समजण्याच्या, तुलनेच्या, मोजण्याच्या की विसरण्याच्या?

राजापूर तालुक्यातल्या कशेळीचं उदाहरण घ्या. तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेला एक हत्ती आहे, सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच. त्याच्या आकृतीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी-पक्षी कोरले आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. हा हत्ती अवर्णनीय आहे का? मुळीच नाही. त्याची लांबी-रुंदी टेपने मोजता येते, रेषा कागदावर उतरवता येतात. कळत नाही ते वेगळंच: तो कुणी कोरला, कशासाठी कोरला, जमिनीवर उभं राहून पुरता दिसतही नाही इतका मोठा का कोरला. याला अगम्य म्हणतात. वर्णन होतं, उलगडा होत नाही.

उलटं उदाहरण रात्रीच्या समुद्राचं. हिवाळ्यात काही वेळा किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेची कड निळसर उजळते, ओल्या पुळणीवर पाऊल टाकलं की पावलाभोवती ठिणग्या उठतात. हे अगम्य नाही. नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव पाण्यात दाटला आणि त्याला धक्का बसला, की तो प्रकाश सोडतो, एवढं आज कुणालाही सांगता येतं. कारण माहीत, नाव माहीत. पण तो निळा कुठला निळा, हे सांगायला गेलं की मोरपंखीही म्हणवत नाही आणि विजेसारखा म्हटलं तरी खोटं वाटतं. इथे अवर्णनीय शोभतो. गोष्ट समजली, म्हणजे ती वर्णन करता आलीच असं नाही.

तुलनेच्या पलीकडचं ते अतुलनीय, अनुपम. पूर्वी कधी न झालेलं ते अपूर्व. पुढेही होणार नाही असा दावा असेल, तर ‘न भूतो न भविष्यति’, पण दरवर्षीच्या जत्रेला दरवर्षी हे लावू नये. तळ न लागणारं अथांग, मर्यादा न दिसणारं अफाट, मोजता न येणारं अमाप. हापूसच्या पहिल्या पेटीचा भाव यांपैकी काहीच नसतो, तो अवाच्या सवा असतो. आणि आठवणीतून न जाणारं ते अविस्मरणीय. माझा अंदाज असा, की सहलीवरच्या पोस्टमध्ये ज्यांनी अवर्णनीय लिहिलं, त्यांतल्या बहुतेकांना हाच शब्द हवा होता.

अनिर्वचनीय जरा निगुतीने वापरावा. ‘अवर्णनीय’चा भारदस्त भाऊ समजून लोक तो लिहितात, पण त्याचं माहेर अद्वैत वेदान्तात आहे. तिथलं नेहमीचं उदाहरण कोकणाच्या पुळणीवर रोज घडतं: लांबून शिंपली चमकते आणि रुपं पडल्यासारखं वाटतं. ते रुपं आहे म्हणावं, तर हातात घेतल्यावर नाही. नाहीच म्हणावं, तर मघाशी दिसलं होतं. ज्याला आहेही म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही, ते अनिर्वचनीय. भक्तिमार्गात हाच शब्द मऊ होतो. नारदभक्तिसूत्रांत प्रेमाचं स्वरूप अनिर्वचनीय म्हटलं आहे आणि लगेच पुढच्या सूत्रात त्याला मुक्याच्या आस्वादाची उपमा दिली आहे. आपण ‘मुक्याने गूळ खाल्ला’ म्हणतो, त्याच घराण्यातली. तेव्हा हा शब्द जपून ठेवा, जिथे भावना आहे की नाही हेच धड पकडता येत नाही अशा जागांसाठी. बांगड्याच्या तिखल्याला, म्हणजे माशाच्या तिखट कालवणाला, तो लावू नये, तिखलं असतं किंवा संपलेलं असतं.

आधी वर्णन करा, मग हात टेका

अवर्णनीय हा शब्द कमवावा लागतो. आधी जे सांगता येतं, ते सगळं सांगायचं. मराठीचं भांडार आपण समजतो त्यापेक्षा मोठं आहे आणि कोकणासाठी तर फारच.

वासापासून सुरुवात करा, कारण ‘शब्दच नाहीत’ ही तक्रार वासाबद्दल सर्वांत जास्त ऐकू येते. संध्याकाळी हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव चालतो. तिथल्या वासाला शब्द नाहीत म्हणणाऱ्याने ही यादी पाहावी: खारट, वशाट, उग्र, कुबट, आंबूस, मातकट, ओलसर, दमट. नुकत्या उतरवलेल्या मासळीचा वास आणि दोन दिवस वाळत पडलेल्या जवळ्याचा वास यांत फरक आहे आणि तो या शब्दांत मावतो. स्वयंपाकघरात शिरलात तर खमंग, करपट, खवट, तुरट आहेत. दरवळ वेगळा, घमघमाट वेगळा, भपकारा तर त्याहून वेगळा. हे सगळे वापरून झाल्यावर तिरफळाशी या. तिखल्यात घातलेलं तिरफळ जिभेला किंचित बधिर करतं आणि मागे लिंबाच्या सालीसारखी एक वासाची कड सोडतं. एवढं म्हणून झालं, तरी काहीतरी निसटतंच. ते जे निसटलं, ते अवर्णनीय.

रंगांचंही तसंच. सूर्यास्त नुसता लाल नसतो. शेंदरी, केशरी, तांबूस, अबोली, डाळिंबी, कुसुंबी आणि सूर्य बुडाल्यानंतरचा राखी, पारवा, जांभळट. रंग कोणत्या क्रमाने बदलले ते लिहा. क्रम लिहिला की चित्र आपोआप हलायला लागतं. आवाजाला तर आपल्याकडे ‘गाज’ हा नामी शब्द आहे. शांत रात्री आत वाडीपर्यंत ऐकू येते ती गाज, लाट फुटते तो वेगळा आवाज आणि पावसाळ्यात समुद्र रोंरावतो तो तिसराच. लिहिताना तिन्हींना ‘लाटांचा आवाज’ म्हणून मोकळं होऊ नये.

आता एक उतारा दुरुस्त करून पाहू. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहिलेल्या कुणी असं लिहिलं, असं धरा:

‘वेळासचा कासव महोत्सव म्हणजे अवर्णनीय अनुभव. निसर्गाचं हे अवर्णनीय रूप पाहून आम्हाला अवर्णनीय आनंद झाला.’

तीनदा शब्द आला आणि कासव एकदाही दिसलं नाही. आता माहिती भरू. मादी किनाऱ्यावर वाळू खणून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. गावातले कासवमित्र ती अंडी कुंपणाच्या आतल्या सुरक्षित खड्ड्यांत हलवतात, वरून टोपली झाकतात. साधारण दीड ते दोन महिन्यांत पिल्लं बाहेर येतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उचलून पाहतात. पिल्लू तळहातावर मावेल एवढं असतं, अंगाला वाळू चिकटलेली. त्याला पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात आणि चालत त्यालाच जावं लागतं. ते क्षितिजाच्या उजेडाकडे सरकत राहतं. मग:

‘टोपली उचलली, तेव्हा वाळू नुसती हलत होती. मग एक काळपट नाक दिसलं, मागोमाग वल्ह्यासारखे दोन पाय. पिल्लाला पाण्यापासून काही पावलांवर सोडलं. ते चार पावलं जायचं, थांबायचं, पुन्हा निघायचं. पहिल्या लाटेने त्याला उलटं फेकलं, दुसरीने नेलं. दोरीमागे उभ्या माणसांनी तोवर श्वास धरला होता आणि मग सगळे एकदम हसले. ते हसू कशाचं होतं, ते मला सांगता येत नाही.’

या उताऱ्यात ‘अवर्णनीय’ एकदाही नाही, तरी त्याचंच काम शेवटच्या वाक्याने केलं आहे. हवा तर शेवटी शब्द घालता येईल: ‘तो सुटकेचा आनंद अवर्णनीय होता.’ आता तो खपून जाईल, कारण वाचकाने पिल्लू पाहिलं आहे. दोन्हींपैकी मला पहिलं रूप आवडतं, पण ते लिहिणाऱ्याच्या स्वभावावर सोडू.

इतिहासाच्या जागांना हाच न्याय लावा. ‘सिंधुदुर्ग किल्ल्याची भव्यता अवर्णनीय आहे’ हे वाक्य कुठल्याही किल्ल्याला चिकटवता येतं. त्याऐवजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर 1664 साली काम सुरू झालं आणि पायाचे दगड शिसं ओतून बसवले, एवढं सांगा. भव्यता वाचक स्वतःच पाहतो.

वाक्यात बसवताना

शब्द विकारी नाही, हे सोयीचं. अवर्णनीय आनंद, अवर्णनीय शोभा, अवर्णनीय दृश्य, लिंग-वचन काहीही असो, रूप तेच राहतं.

‘खूप अवर्णनीय’, ‘अतिशय अवर्णनीय’, ‘सर्वांत अवर्णनीय’ ही रूपं मोडीत काढा. जे वर्णनाच्या बाहेरच आहे, ते थोडं बाहेर आणि जास्त बाहेर कसं असेल? ‘अवर्णनीय सुंदर’ ही जोडीही मराठीला पेलत नाही. ‘सुंदर’ आलं म्हणजे वर्णन सुरू झालं. ‘शब्दांत सांगता येणार नाही असं अवर्णनीय’ यात एकच गोष्ट दोनदा आली, एक अर्धं काढा. अवर्णनीयता, अवर्णनीयत्व ही नामं व्याकरणात बसतात, पण समीक्षेच्या बाहेर ती वापरणाऱ्याला मी तरी अजून क्षमा करू शकलेलो नाही.

शब्दाची जागाही महत्त्वाची. परिच्छेदाच्या तोंडाशी तो आला, की दार लावून घेतल्यासारखं होतं. वर्णन संपत आलं, की मग आणा आणि वस्तूला न लावता तिच्या एखाद्या अंगाला लावा. ‘हापूस अवर्णनीय’ हे ढोबळ झालं. ‘आढीतून काढलेल्या फळाच्या देठाजवळचा वास अवर्णनीय’ यात निदान वाचकाला नाक कुठे न्यायचं ते कळलं.

जिथे हा शब्द नकोच

सरकारी अर्जात. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि रायगड व उत्तर रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी ‘आमचे अवर्णनीय नुकसान झाले आहे’ हे मनापासून लिहिलेलं असतं आणि खरंही असतं. पण पंचनामा करणाऱ्याच्या रकान्यात ते बसत नाही. तिथे गट नंबर, सातबाऱ्यावरचं नाव, किती माड, किती पोफळी, किती आंबे, त्यांतली फळधरती किती आणि रोपं किती, घराची कौलं की पत्रे, किती खोल्यांवरचे उडाले, हे तारखेसह लिहा. फोटोत झाडाचा बुंधा आणि मागची ओळखीची खूण दोन्ही येऊ द्या. दुःख लिहायचं तर वेगळ्या कागदावर लिहा, अर्जात मात्र आकडे.

जाहिरातीत तो निष्फळ ठरतो. राहायला येणाऱ्याला ‘अवर्णनीय निसर्गसौंदर्य’ नको असतं. पुळण चालत किती मिनिटांवर, भरतीला पाणी कुठवर येतं, जेवणात सोलकढी ताज्या कोकमाची की बाटलीतली, मोदक सांगून करून मिळतात का, हे त्याला हवं असतं.

शोकसंदेशातही तो टाळावा. ‘आपल्या दुःखाचं वर्णन करता येणार नाही’ हे खरं असलं, तरी ज्याचं माणूस गेलं, त्याने वर्णन मागितलेलंच नसतं. गेलेल्या माणसाबद्दलची एक खरी आठवण लिहा: काका गणपतीत आरतीला नेहमी दुसऱ्या कडव्यापासून वरचा सूर धरायचे. तेवढं पुरतं.

बोलताना

तोंडी भाषेत ‘अवर्णनीय’ कुणी म्हणत नाही आणि कुणी म्हणालाच, तर भाषण सुरू झालं असं वाटून लोक खुर्च्या शोधतात. बोलीत त्याची कामं वाटून दिलेली आहेत. गणपतीच्या आदल्या दिवशी कणकवली स्टेशनवरची गर्दी म्हणजे ज्याचं नाव ते. हे चांगल्यालाही चालतं, वाईटालाही. महामार्गावरच्या खड्ड्यांबद्दल सांगता सोय नाही, हे मात्र त्रासासाठीच. ‘काही विचारू नका’ दोन्हीकडे झुकतं, कुठे ते आवाजावरून कळतं. रात्रभर रंगलेल्या दशावतारी नाटकाबद्दल ‘वर्णावं तेवढं थोडं’ म्हणतात आणि यातला फरक लक्षात घ्या: इथे वर्णन होतं, भरपूर होतं, फक्त संपत नाही. संहिता हातात नसताना राजा आणि राक्षस तासभर उत्स्फूर्त संवाद झाडतात, त्याला हेच शोभतं. ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ फक्त पाहण्यासाठी. ते जेवणावर लिहू नये.

मालवणी माणूस या भानगडीत पडतच नाही. फोनवरच्या पुतण्याला काका सांगून टाकतो, ‘सांगान कळाचा नाय, येवन बघ.’ लेखनातही ही युक्ती जरूर वापरा, पण लेखाच्या शेवटी आणि एकदाच. वाचकाला बोलावलं, की कधी यायचं तेही सांगा: कासवांसाठी फेब्रुवारी ते एप्रिल, कातळशिल्पांसाठी पाऊस गेल्यावर सड्यावरचं गवत सुकू लागेल तेव्हा, दशावतारासाठी दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की.

मुलांकडून निबंध लिहून घेणाऱ्यांनी एक नियम करून पाहावा. ‘अवर्णनीय’ला बंदी घालू नका, निबंधामागे एकदाच वापरायची मुभा द्या. अट एवढीच, की त्याच्या आधीच्या तीन वाक्यांत एक रंग, एक वास आणि एक आवाज आलेला असावा आणि रंगाच्या जागी ‘सुंदर’ चालणार नाही. बहुतेक मुलं तीन वाक्यं लिहून झाल्यावर तो शब्द घालायचं विसरतात. ज्यांना तो तरीही आठवतो, त्यांच्या वहीत तो राहू द्या.